सैल सांधा, घट्ट सांधा

मराठी टीकालेखनात एक शेरा वर्षानुवर्षे फिरतो आहे. कादंबरीतील माणसे लेखकाच्या मर्जीबाहेर पाऊल टाकत नसतील, तर ‘पात्रे कळसूत्री बाहुल्यांसारखी वाटतात’ असे आपण लिहितो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. शेरा इतका सरावाचा झाला आहे की तो लिहिताना खरी कळसूत्री बाहुली कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. तिचे हात धडाला कसे जोडलेले असतात, तिला गुडघा असतो की नसतो, दोरी नेमकी कोणत्या अवयवाला बांधतात, हे प्रश्न टीकाकाराला पडत नाहीत. आम्हांस मात्र असे वाटते की ते पडायला हवेत. कारण बाहुलीचा इतिहास हा बहुतांशी तिच्या सांध्याचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाकडे पाठ फिरवून वापरलेले रूपक टीकेला फार काळ पुरत नाही.

या लेखात आम्ही दोन टोके शेजारी ठेवून पाहणार आहोत. एका टोकाला सिंधुदुर्गातील पिंगुळीची कळसूत्री बाहुली आहे. दुसऱ्या टोकाला, ज्यांना ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात आणि ज्यांचा संग्रह करणारी प्रौढ माणसे आज मुंबई-पुण्यातही पुष्कळ आहेत, ते प्लास्टिकचे सांधेदार पुतळे आहेत. दोहोंत साम्य एकच, ते म्हणजे दोघांचे अवयव हलतात. परंतु ते का हलतात आणि हलवायचे थांबल्यावर त्यांचे काय होते, या दोन प्रश्नांवर दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या होतात.

१. कळ आणि सूत्र

प्रथम शब्द पाहू. ‘कळसूत्र’ या जोडशब्दाचे दोन भाग दोन वेगळ्या जागी राहतात. कळ बाहुलीच्या अंगात असते. तो तिचा सांधा, तिची खीळ, तिची बिजागरी. सूत्र मात्र तिच्या बाहेर, दुसऱ्याच्या बोटांत असते. ज्ञानेश्वरीत अशा बाहुलीसाठी ‘सायखडें’ असा शब्द येतो. ज्ञानदेवांच्या श्रोत्यांना तो समजावून सांगावा लागत नसणार, म्हणजे तेराव्या शतकातल्या मराठी माणसाला हा खेळ परिचयाचा होता असे मानायला हरकत नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सर्व भूतांना ‘यंत्रारूढ’ म्हटले आहे आणि शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात त्याचा खुलासा करताना यंत्रावर चढवलेल्या लाकडी माणसांचाच दाखला दिला आहे. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराशी वाद घालते, तेव्हा तिच्या तोंडीही लाकडाच्या स्त्रीची उपमा आहे. ईश्वर माणसांची अंगे तशी हलवतो, असे ती म्हणते. मात्र तिचा सूर भक्तीचा नाही, तक्रारीचा आहे. एकच बाहुली भाष्यकाराला तत्त्वज्ञान सांगते आणि वनवासातल्या राणीला अन्याय दाखवते. रूपक दोन्हीकडे चालते, कारण दोन्ही ठिकाणी बोलणाऱ्याला बाहुलीची रचना ठाऊक आहे.

‘सूत्रधार’ हा शब्द तर याहून गुंतागुंतीचा आहे. संस्कृत नाटकाचा उगम बाहुल्यांच्या खेळात असावा आणि सूत्रधार म्हणजे मुळात दोरी धरणारा, असे मत जर्मन पंडित रिचर्ड पिशेल यांनी १९०० साली मांडले. त्यावर बराच वाद झाला आणि आज ते मत जसेच्या तसे कोणी स्वीकारत नाही. विरोधकांचा एक मुद्दा असा होता की सूत्र म्हणजे बाहुलीचीच दोरी कशावरून? मोजमापाची दोरी धरणारा शिल्पी हाही सूत्रधारच. मराठी वाचकाला हा दुसरा अर्थ सिद्ध करून दाखवावा लागत नाही, कारण आपला ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’पासूनच आलेला आहे. म्हणजे जो लाकूड मोजून कापतो, खाच पाडून सांधा बसवतो तोही सूत्रधार, आणि जो रंगमंचावर येऊन खेळ चालवतो तोही सूत्रधार. कळ घडवणारा आणि सूत्र हलवणारा यांचे नाव भाषेने एकच ठेवले आहे. पिशेल चुकले असतील. परंतु त्यांनी बोट जिथे ठेवले ती जागा मोलाची होती.

मराठी नाटकाच्या आरंभापाशी या दोन सूत्रधारांची गाठ प्रत्यक्षातच पडते. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करणारे विष्णुदास भावे हे स्वतः लाकडी बाहुल्या घडवणारे कारागीर होते. त्यांच्या बाहुल्या पुढे जपल्या गेल्या आणि शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्यांची डागडुजी करून त्यांचे प्रयोगही केले. भाव्यांच्या नाटकाची रीत आठवावी. सूत्रधार आणि त्याचे साथीदार पदे गात, पात्रे त्या पदांच्या ओघाने हावभाव करीत आणि मधूनमधून आपले भाषण उत्स्फूर्तपणे बोलत. कथेचे सूत्र एकाच्या कंठात आणि अंगविक्षेप दुसऱ्यांच्या शरीरात, ही मांडणी बाहुल्यांच्या खेळाचीच नव्हे काय? नाटकाचा इतिहास शिकवताना आपण ‘सीतास्वयंवर’ची तारीख पाठ करून घेतो, पण भाव्यांच्या हातातली पटाशी विसरतो. ती ध्यानात ठेवली, तर मराठी रंगभूमीची पहिली पात्रे बाहुल्यांसारखी होती हे वाक्य निंदा न राहता वर्णन ठरते.

२. खेळण्याची चाके, गोष्टीतल्या खिळा

मानवाकृतीला सांधा बसवण्याची कल्पना जुनी आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात मान हलणारा मातीचा बैल सापडला. ग्रीकांच्या थडग्यांत आणि देवस्थानांत खांद्याशी व कंबरेशी दोऱ्याने वा तारेने अवयव जोडलेल्या भाजक्या मातीच्या बाहुल्या मिळतात. रोममध्ये १८८९ साली क्रेपेरेया त्रिफेना या दुसऱ्या शतकातील तरुणीच्या शवपेटीत हस्तिदंताची एक बाहुली मिळाली. तिचे खांदे, कोपरे, मांड्या आणि गुडघे वाकतात. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर दैमाबादला १९७४ साली सापडलेला ब्राँझचा रथ आणि त्यासोबतचे प्राणी आठवतात. तिथे गती आहे, पण ती चाकांत आहे. सारथ्याच्या अंगात नाही. वस्तू सरकते आणि आकृती स्थिर राहते. हा फरक लहान नाही. चाक आकृतीला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते, तर सांधा तिला एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत नेतो. गोष्ट सांगायला दुसऱ्या प्रकारची गती लागते.

म्हणूनच की काय, आपल्याकडे सांध्याची सर्वांत धीट कल्पना वस्तूंत नव्हे तर गोष्टींत सापडते. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ लुप्त झाली. पण परंपरा तिचे नाते प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडते. तिच्यावर आधारलेल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त मयासुराची मुलगी सोमप्रभा आपल्या मैत्रिणीसाठी, कलिंगसेनेसाठी, लाकडी बाहुल्यांची करंडी घेऊन येते. एकेका बाहुलीची खीळ दाबली की एक उडत जाऊन फुलांची माळ आणते, एक पाणी आणते, एक नाचते, एक बोलते. इथे सूत्र नाहीच, केवळ कळ आहे. आणि राजशेखराने, ज्याचे घराणे महाराष्ट्रातले, ‘बालरामायणा’त याहून पुढची पायरी गाठली. त्याच्या नाटकात सीतेची यांत्रिक बाहुली केली जाते, तिच्या तोंडात बोलणारी सारिका बसवली जाते आणि रावण काही काळ तरी फसतो. कृत्रिम देह, उसना आवाज आणि भुललेला प्रेक्षक ही शब्दभ्रमाच्या खेळाची तिन्ही अंगे दहाव्या शतकाच्या आसपास इथे जमा झालेली आहेत.

ज्या वाटेने प्रतिष्ठानचा माल कोकणातल्या बंदरांकडे उतरे तो नाणेघाट ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात येऊन उतरतो. याच तालुक्यात धसई हे आसपासच्या गावांचे बाजारगाव आहे. घाटमाथ्याच्या लेण्यात नागनिकेच्या प्रसिद्ध लेखाबरोबर सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या आकृती एका ओळीत कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर तिचे नाव होते. आज नावे वाचता येतात. आकृतींची मात्र पावलांची खूण तेवढी उरली आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला ही हानी वाटते आणि ती आहेच. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने पाहिले तर त्या ओळीतून एक भेद स्पष्ट होतो. राजाची प्रतिमा सांध्यावाचून घडवतात, कारण तिने हलणे अपेक्षितच नसते. तिने नाव धारण करून उभे राहायचे असते. सांधा येतो तो खेळासाठी. मूर्ती आणि बाहुली यांच्यामधली सीमारेषा खांद्याच्या खाचेतून जाते.

धसईच्या परिसरात कळसूत्री खेळाची परंपरा आहे असे आम्ही म्हणत नाही. तिथल्या डोंगरकपारीत राहणाऱ्या क-ठाकूर आणि म-ठाकूर समाजांची, आणि पिंगुळीच्या बाहुल्या नाचवणाऱ्या ठाकरांची नोंद महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत एकाच क्रमांकाखाली येते. परंतु नोंद एक म्हणून कला एक, असे होत नाही. उत्तर कोकणाच्या या पट्ट्याला सांध्याची जाण निराळ्या वाटेने आहे. वारली चित्रातला माणूस पाहावा. एकमेकांवर उलटे ठेवलेले दोन त्रिकोण आणि त्यांची टोके जिथे भेटतात तो एक बिंदू, तीच कंबर. हातपाय काड्यांचे, पण कोपर आणि गुडघा कुठे वळतो ते नेमके. कंबरेचा तो एक बिंदू इतका बारीक आहे की देह त्यावर तोलल्यासारखा वाटतो आणि तारप्याच्या भोवती फिरणारी माणसांची माळ कागदावरही फिरत राहते. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांना देशोदेशी जी दाद मिळाली, तिच्यात या सांध्याचा वाटा मोठा आहे. चेहरा नाही, डोळे नाहीत, कपडेही जेमतेम सुचवलेले. जे काही सांगायचे ते वाकण्यातून सांगितले आहे.

३. सांध्यांची संख्या आणि खेळाची प्रत

आता पिंगुळीकडे. कुडाळजवळच्या या गावातील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या अशा तीन कला सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. रामायण-महाभारतातली आख्याने, देवळातले खेळ आणि घराण्यातून घराण्यात आलेले पाठ असे त्यांचे स्वरूप होते. आश्रय गेल्यावर आणि करमणुकीची दुसरी साधने आल्यावर खेळ ओसरले. परशुराम गंगावणे यांनी २००६ साली घरच्या गोठ्याच्या जागेत ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

भारतातल्या बाहुल्यांच्या परंपरा सांध्यांच्या हिशोबाने मांडून पाहिल्या तर एक रोचक तक्ता तयार होतो. राजस्थानच्या कठपुतळीला पाय नसतात. डोके आणि धड एका लाकडाचे, हात कापडात भरलेले आणि खाली घोळदार घागरा. कर्नाटकच्या गोंबेयाट्टात खांदा, कोपर, नितंब, गुडघा असे पुष्कळ सांधे आणि पाच ते सात दोऱ्या. तमिळनाडूच्या बोम्मलाट्टमची बाहुली साडेचार फुटांपर्यंत उंच आणि दहा किलोपर्यंत वजनाची असू शकते. तिच्या दोऱ्या कलावंताच्या डोक्यावरील लोखंडी कड्याला बांधतात, म्हणजे त्याने मान हलवली की बाहुलीचा देह हलतो. छायाबाहुल्यांत आंध्रच्या तोलुबोम्मलाटाची चित्रे मोठी, आणि कंबर, खांदे, कोपरे, गुडघे सारे सुटे. ओडिशाच्या रावणछायेत मात्र आकृती एका तुकड्याची असते, तिला एकही सांधा नसतो.

आणि तरीही रावणछाया ही या सर्वांत काव्यात्म मानली जाते. सांधे वाढले म्हणजे कला वाढली, हे गृहीतक इथेच कोसळते. कमी सांध्यांची बाहुली थोड्याच गोष्टी करू शकते. पण त्या थोड्या गोष्टींना प्रेक्षक अर्थ देऊ लागतो. घागऱ्याचा घेर वळला की चाल झाली, हात कपाळाशी गेला की शोक झाला. पाय नसलेली कठपुतळी नाचते हे आपण ‘पाहतो’, म्हणजे उरलेला नाच आपण पूर्ण करतो.

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली ‘सपाट’ आणि ‘गोलाकार’ पात्रांचा भेद सांगितला. आपल्या अभ्यासक्रमांत त्याचे पुढे काय झाले हे अध्यापकांस सांगायला नको. विद्यार्थी पात्राला किती बाजू आहेत ते मोजतो, जितक्या बाजू जास्त तितके पात्र श्रेष्ठ ठरवतो आणि उत्तरपत्रिका संपवतो. ही सांधे मोजण्याचीच रीत आहे. आख्यानातले, लोककथेतले, कीर्तनातले पात्र या मोजणीत नेहमीच हरते, कारण ते रावणछायेच्या चामड्यासारखे एकसंध असते. त्याची हालचाल सांगणाऱ्याच्या आवाजात असते. ते अपुरे नसून त्याची कळ अंगात नाही एवढेच.

४. ‘बाहुली’ म्हणायचे नाही

दुसऱ्या टोकाची कथा अमेरिकेत सुरू होते. १९६४ साली हॅसब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ हा बारा इंची सैनिक बाजारात आणला. चित्रकार सरावासाठी जो सांधेदार लाकडी पुतळा वापरतात, त्याच्यावरून त्याची कल्पना सुचली. त्याला एकवीस हलते भाग होते. अडचण एकच होती. मुलगे बाहुलीशी खेळत नाहीत, निदान त्यांचे आईबाप तरी ती विकत घेणार नाहीत. तेव्हा ‘बाहुली’ हा शब्द कटाक्षाने टाळून ‘ॲक्शन फिगर’ हे नवे नाव घडवले गेले. वस्तू बाहुलीच होती, कपडेदेखील बदलता येत. बदलले ते नाव. मराठीला ही अडचण आली नसती असे क्षणभर वाटते, कारण आपल्याकडे ‘बाहुला’ हा शब्द तयार आहे. परंतु बाहुल्याचे स्थान आपल्या खेळात केवळ नवरदेवाचे आहे. लग्न लागले की त्याचे काम संपते. पराक्रम त्याच्याकडून कोणी मागितला नाही.

नावाचा हा खेळ पुढे न्यायालयात गेला. आयात-शुल्काच्या तत्कालीन अमेरिकी दरांत ‘बाहुली’वर १२ टक्के आणि इतर ‘खेळण्यां’वर ६.८ टक्के कर होता. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती. टॉय बिझ या कंपनीने वाद घातला की आपले ‘एक्स-मेन’ हे माणसेच नव्हेत, आणि २००३ साली न्यायालयाने ते मान्य केले. गंमत अशी की ज्या कथांतले हे नायक, त्यांचा सारा आटापिटा आपणही माणसेच आहोत हे जगाला पटवण्यासाठी चाललेला असतो. कथेने मागितलेले माणूसपण कंपनीने कर वाचवण्यासाठी नाकारले. साहित्याच्या विद्यार्थ्याने हा निकाल एकदा तरी विचारात घ्यावा, असे आम्हांस वाटते.

या पुतळ्यांचे सांधे मराठी शालेय पुस्तकांतल्या शब्दांतच नीट सांगता येतात. सर्वांत साधा तो खिळीचा सांधा. बाटलीचे झाकण फिरावे तसा अवयव एका अक्षाभोवती फिरतो. केनर कंपनीने १९७८ पासून आणलेल्या ‘स्टार वॉर्स’च्या लहान पुतळ्यांत असे पाचच सांधे होते: मान, दोन खांदे, दोन मांड्या. आपल्या बाजारगावांत मिळणारे स्वस्त पोकळ प्लास्टिकचे वीर आजही बहुधा याच घडणीचे असतात. धसईच्या मुलाच्या हातात पडेल तो वीर खांद्यापलीकडे फारसा वाकत नाही. दुसरा बिजागरीचा सांधा, कोपराला आणि गुडघ्याला. एक बिजागरी हात काटकोनापर्यंत आणते. दोन बिजागऱ्या लागोपाठ बसवल्या तर मूठ खांद्याला टेकते. तिसरा उखळीचा सांधा, ज्यात गोळी वाटीत बसते आणि अवयव सर्व दिशांना फिरतो. याशिवाय छातीच्या आत बसवलेला, दोन्ही हात पुढे एकत्र आणू देणारा सांधा आहे, त्याला पंखांच्या मिटण्यावरून ‘फुलपाखरू’ म्हणतात. वजनदार पुतळ्यांसाठी दातेरी चाकाचा सांधा असतो. तो टक्‌टक्‌ आवाज करीत एकेका दातावर अडतो आणि वजन पेलतो.

१९८२ साली ‘जी. आय. जो’ पावणेचार इंचांचा झाला तेव्हा त्याच्या कंबरेत एक युक्ती आली. धडाच्या पोकळीत रबराचे एक कडे, त्याला अडकवलेला पायांचा आकडा आणि या ताणावर दोन्ही भाग एकत्र. त्यामुळे पुतळा कंबरेत वळे, झुके आणि परत सरळ होई. पुढल्या वर्षी दंडात फिरता सांधा आला, तेव्हा दोन्ही हातांनी बंदूक धरणे जमले. हेच पुतळे भारतात फनस्कूल कंपनीने परवान्याखाली काढले. एमआरएफ आणि हॅसब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे कारखाने गोव्यात होते. अमेरिकी मूळ नमुन्यांपेक्षा वेगळ्या रंगांमुळे हे भारतीय पुतळे परदेशी संग्राहक आज शोधत असतात. म्हणजे पिंगुळीपासून फार दूर नाही, अशा कोकणपट्टीच्या दुसऱ्या टोकाला विसाव्या शतकाच्या अखेरीस सांधेदार माणसे घडत होती. एकीकडे सूत्रे विरत चालली होती, दुसरीकडे रबरी कडी बसवली जात होती.

ते रबर मात्र टिकत नाही. काही वर्षांत ते वाळते, तुटते आणि डबीत ठेवलेला सैनिक एके दिवशी कंबरेतून दोन भागांत पडलेला सापडतो. सूत्र तुटले नाही. त्याच्या अंगातली कळ आपोआप थकली.

५. एकच बिजागरी, दोन धर्म

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पिंगुळीच्या बाहुलीत आणि प्लास्टिकच्या पुतळ्यात सांध्यांचे प्रकार तेच आहेत. खीळ, बिजागरी, उखळी यांच्यापलीकडे शरीररचनाही फारशी जात नाही. पण त्या सांध्यांचा गुण उलट आहे. कळसूत्री बाहुलीचा सांधा सैल हवा. तो जितका कमी घासेल तितकी ती जिवंत वाटते, कारण तिला हलवणारी खरी शक्ती दोरी नसून वजन आहे. हाइनरिश फॉन क्लाइस्ट यांनी १८१० साली कळसूत्री खेळावर लिहिलेल्या संवादात हे फार सूक्ष्मपणे सांगितले आहे. नाचवणारा प्रत्येक अवयव वेगळा हलवत नाही. तो देहाचा गुरुत्वमध्य हलवतो आणि हातपाय लंबकासारखे आपोआप मागोमाग येतात. बाहुलीला स्वतःची जाणीव नाही, म्हणून तिच्या हालचालीत कृत्रिमता नाही, असे त्या संवादातले पात्र म्हणते. सूत्र बाहुलीला हुकूम देत नाही, तिच्या वजनाशी बोलणी करते.

संग्राहकाच्या पुतळ्याचा सांधा घट्ट हवा. त्याला दोरी नाही, मागे कोणी उभे नाही. एकदा दिलेली मुद्रा त्याने घर्षणाच्या बळावर महिनोन्महिने धरून ठेवायची. सांधा सैल पडला तर तो निकामी. मग त्यात पारदर्शक लेप सोडून तो पुन्हा घट्ट करतात. आणि खेळल्याने सांधा सैल पडतो म्हणून संग्राहक खेळतच नाही. तीसहून अधिक सांधे असलेला पुतळा काचेमागे एकाच पवित्र्यात उभा राहतो किंवा खोक्यातून बाहेरही येत नाही. हालचालीची इतकी मोठी शक्यता निर्माण करायची आणि ती वापरायची नाही, याला विसंगती म्हणता येईल. आम्ही तसे म्हणणार नाही. न वाचलेली पुस्तके बाळगणाऱ्यांनी तरी म्हणू नये. शक्यता जवळ असणे हेही एक सुख आहे.

दोहोंमधली वाट मराठी रंगभूमीला ठाऊक आहे. यशवंत केशव पाध्ये यांच्या ‘अर्धवटराव’ला दोरी नव्हती. जबडा, मान आणि डोळे यांच्या कळा त्याच्या आतच होत्या आणि हात मागून आत शिरलेला असे. रामदास पाध्ये यांनी १९६७ पासून तो वारसा चालवला. इथे सूत्रधार लपत नाही, बाहुल्याच्या शेजारी बसून त्याच्याशी भांडतो. मग १९९३ साली महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ चित्रपटात तात्या विंचू आला. हा बाहुलाही पाध्यांनीच घडवलेला; पण कथेत त्याच्यामागे कोणीच नाही. कळ आपली आपण चालू लागली. महाराष्ट्रातल्या एका पिढीला माहीत असलेला सर्वांत प्रसिद्ध बाहुला हा सूत्रधारावाचूनचा आहे आणि त्याची भीती नेमकी तेवढ्यासाठीच वाटते. सोमप्रभेच्या करंडीत जे नवल होते ते इथे भय झाले. सूत्र हातात असलेली बाहुली कोणालाही भीतिदायक वाटत नाही.

आता संग्रहालयाचा विचार करावा. भिंतीवर टांगलेली कळसूत्री बाहुली आणि काचेमागचा प्लास्टिकचा वीर दिसायला सारखेच निश्चल असतात. पण त्यांच्या निश्चलतेत महत्त्वाचा फरक आहे. प्लास्टिकचा वीर आपल्या मुद्रेत पुरा आहे. तो त्यासाठीच घडला. टांगलेल्या बाहुलीचे सांधे मात्र हाताची वाट पाहत लोंबत राहतात. तिला जपायचे तर लाकूड आणि रंग जपून भागत नाही, बोटे जपावी लागतात. म्हणजे त्या बोटांना आख्यान पाठ असणे, ते कोणी तरी ऐकणे आणि ऐकणाऱ्याला ‘सायखडें’ शब्दाचा अर्थ विचारावा न लागणे, हे सारे जपावे लागते. पिंगुळीतील कलावंत संग्रहालयाबरोबर प्रयोग आणि शिकवणेही चालवतात, ते याच कारणाने. नाहीतर कळ उरेल आणि सूत्र जाईल. नाणेघाटात नावे उरली आणि देह गेले, त्याच्या नेमके उलट.

टीकेच्या त्या शेऱ्याबद्दल आता एवढेच म्हणता येईल. ज्या पात्रांना आपण ‘कळसूत्री’ म्हणून नाकारतो, त्यांतली बहुतेक कळसूत्री नसतात. ती घट्ट सांध्याची असतात. लेखकाने त्यांना एक पवित्रा दिला, तो त्यांनी अखेरपर्यंत धरून ठेवला आणि कथेच्या वजनाने त्यांचे काहीच हलले नाही, हा त्यांचा दोष. खरे कळसूत्री पात्र याच्या उलट असते. ते लेखकाच्या बोटांशी बांधलेले असते, हे सर्वांस दिसते, आणि तरी त्याचा हात त्याच्या स्वतःच्या वजनाने खाली येतो. असे पात्र मराठीत कोणी निर्माण केले असेल, तर त्या लेखकास आपण सुतार म्हणावे की सूत्रधार, हा प्रश्न उरत नाही. भाषेने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे.